छातीएवढा झेंडू

पप्पांनी आधी डेपोत सांगून टाकलं आणि मग घरी येऊन आम्हाला सांगितलं. यंदा खंडेनवमीला गाडीचा हार घरच्या फुलांचा.

पप्पा एसटीचे ड्रायव्हर. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची नोकरी संपणार होती, म्हणजे स्टिअरिंगमागची ही त्यांची शेवटची खंडेनवमी. त्या दिवशी डेपोतली प्रत्येक गाडी धुऊन, पुसून, हार घालून पुजतात. कृष्णाकाठचे ड्रायव्हर-कंडक्टर स्वतःच्या रानातला झेंडू पोत्यानं आणतात आणि गाडीच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी ऊस बांधतात. पप्पा दुष्काळी माण तालुक्यातले. त्यांच्या गावी बाजरी, मटकी आणि मेंढरं. त्यामुळे इतकी वर्षं ते स्टँडासमोरच्या फुलवाल्याकडून हार घ्यायचे, आणि इतकी वर्षं कुणी ना कुणी म्हणायचंच, "माणदेशी गाडीला इकतचा हार! आवं, त्यापरास कुसळाचा करा की." पप्पा हसायचे. घरी येऊन ते वाक्य आम्हाला सांगायचे, तेव्हाही हसायचे. पण दरवर्षी सांगायचे.

तासगावच्या बाहेर, विट्याच्या रस्त्याला, आमचं स्वतःचं घर झालं. पुढे अर्धा गुंठा जागा मोकळी राहिली. तेवढ्यावर पप्पांनी डेपोत शब्द दिला.

"आणि लावणार कोण?" मम्मीनं विचारलं.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्या वर्षी घरीच होते. का, ते इथे सांगत बसत नाही. लॅपटॉपवर थोडं काम असायचं, आणि घरी कुणी आलं की आतल्या खोलीत कसं सटकायचं याचा अभ्यास पक्का झाला होता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. पप्पांनी जादा ड्यूट्या करून मला तिथे शिकवलं. त्याचा एक परिणाम असा झाला, की गल्लीतल्या बायकांशी बोलायचं तर मला वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत त्या दुसऱ्या विषयावर गेलेल्या असतात. झाडांना घाई नसते. मी हो म्हणाले.

मग मी मला जे नीट येतं ते केलं, म्हणजे वाचलं. झेंडू, झिनिया, कॉसमॉस अशी तीन पाकिटं आणली. झेंडू हारासाठी, बाकीची दोन माझ्या हौसेची. हंगामी फुलं. बी टाकायचं, चार महिने फुलं घ्यायची, हंगाम संपला की झाडही संपलं. जिथे वाचावं तिथे एकच लिहिलेलं होतं: ही कमी लाडाची झाडं आहेत. ऊन भरपूर द्या, पाणी थोडं द्या, जमीन हलकी असली तरी चालेल. खत बेतानं, नाहीतर नुसता पाला माजतो. शेवटच्या वाक्याखाली मी वहीत दोन रेघा ओढल्या.

मेच्या शेवटी तात्या आले. तात्या म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माणाकडे परत निघतात. वाटेतले शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात. कळप रात्रभर एका जागी बसला की लेंड्यांनी आणि मुतानं जमीन अशी तयार होते, की वर्षभर दुसरं खत बघायला नको. त्यासाठी लोक तात्यांच्या मागे लागतात. पप्पांनी फोन करून त्यांना आमच्या अर्ध्या गुंठ्यासाठी बोलावून घेतलं होतं.

तात्यांनी जागा बघितली, पटका मागे सारला आणि हसत सुटले.

"आरं, लोक एकरात बसवत्यात. ह्यो तर वटा हाय!"

"शेवटचा हार हाय तात्या," पप्पा म्हणाले. "हयगय नको."

"खत जास्त होईल," मी म्हणाले. पण अशा आवाजात म्हणाले की मम्मीनं मला पाण्याचा ग्लास आणून दिला. तिला वाटलं मी खोकले.

एवढ्याशा जागेत कळप मावेना, म्हणून निम्मी मेंढरं पहिल्या मुक्कामाला आत बसली आणि निम्मी दुसऱ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या निघून गेले. मागे उरला तो वास. मम्मीचं माहेर तासगावचंच, द्राक्षबागायतदाराचं. आठवडाभर तिनं कपडे गच्चीवर वाळत घातले आणि पप्पा दिसले की पदर नाकाला लावला.

"सोनं हाय सोनं," पप्पा म्हणायचे आणि चपलेच्या टोकानं माती उकरून बघायचे.

जुलैच्या सुरुवातीला मी बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यांत बी टाकलं आणि रोपं वितीएवढी झाल्यावर वाफ्यांत लावली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे शेंडे खुडले, म्हणजे झाड उंच न जाता डेरेदार होतं. ही झाडं डेरेदारही झाली आणि उंचही गेली. गणपती बसले तेव्हा झेंडू माझ्या कमरेला लागत होता. पितृपक्ष आला तेव्हा पप्पांच्या छातीला. खोड अंगठ्याएवढं, पानं काळपट हिरवी, चकाकणारी. कॉसमॉस कंपाउंडवरून बाहेर वाकून रस्ता बघायला लागला. येणारे-जाणारे थांबायचे. पप्पा ड्यूटीवरून आले की युनिफॉर्मवरच झेंडूत उभे राहायचे आणि मला फोटो काढायला लावायचे. ते फोटो डेपोच्या ग्रुपवर जायचे.

फोटोत काय नाही, ते मला दिसत होतं. एवढ्या झाडांवर एकही कळी नव्हती. मी रोज सकाळी एकेक फांदी उलटी करून बघायचे. खंडेनवमीला महिनाही राहिला नव्हता, आणि डेपोत शब्द गेलेला.

पप्पांना सांगायला हवं होतं. मी वाक्य जुळवत होते.

माझ्याआधी मावशी बोलली. मावशी म्हणजे मम्मीची धाकटी बहीण. तिची दोन एकर द्राक्षबाग आहे आणि ती स्वतःच बघते. एका दुपारी ती स्कूटीवरून आली आणि फाटकातच थांबली.

"काय गं ताई," ती मम्मीला म्हणाली, "दाजींनी गांजा लावलाय का?"

"झेंडू हाय त्यो," मम्मी म्हणाली.

"झेंडू? मग फुलं कुठाय? का पोलिसांनी जप्त केली?"

पप्पा आतून बाहेर आले. "येतील की. अजून वय हाय का त्यांचं?"

मावशीनं एक फांदी हातात घेतली, पान चुरगाळलं, खाली बसून माती मुठीत दाबली. मूठ उघडली तर मातीचा लाडू झाला होता. तिनं माझ्याकडे बघितलं. "पाणी किती देतीस?"

"दिवसाआड," मी म्हणाले.

"आता बंद कर. एक थेंब द्यायचा न्हाई." मग ती पप्पांकडे वळली. "दाजी, द्राक्षाची छाटणी घ्यायच्या आधी आमी बागेचं पाणी तोडतो. येल जरा घाबरला पायजे, मग घड टाकतो. तुमच्या झेंडवाला कशाची भीती हाय? खालनं मेंढराचं, वरनं पोरीचं पाणी. त्यो सासरी नांदायला आलाच न्हाई, त्यो माहेरपणाला आलाय!"

"तुमच्या द्राक्षाचं आमच्या झेंडवाला कशाला लावती?" पप्पा म्हणाले. "आमच्या मेंढरांच्या खतावर सगळा कृष्णाकाठ पिकतोय."

"ऊस पिकतोय. उसाला फूल यावं असं कुणाला वाटत न्हाई."

मम्मी हसली. ती उगाच हसली नव्हती. उन्हाळ्यात आठवडाभर तिनं तो वास सोसला होता. पप्पांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं, आणि मी आत जाऊन वही घेऊन आले. दोन रेघा ओढलेलं वाक्य त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं, तारीखही वाचली. एप्रिलची होती.

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

त्या दिवसापासून पाणी बंद. चौथ्या दिवशी पानं दुपारची माना टाकायला लागली. मावशीनं फोनवर सांगितलं की असंच पाहिजे. पण वाफ्यातली माती एका कोपऱ्यात मात्र सकाळी ओली दिसायची. दोन दिवस मला कळेना. तिसऱ्या दिवशी लवकर उठून बाहेर आले, तर पप्पा बनियनवर, हातात प्लॅस्टिकचा मग घेऊन एकेका झाडाला घोटभर पाणी पाजत चालले होते.

मला बघून ते थांबले. "तान्हेली दिसत्यात गं," ते म्हणाले. "बघवंना."

माणात त्यांचं लहानपण टँकरच्या रांगेत गेलं आहे. घागर घेऊन उभं राहिल्याच्या गोष्टी त्यांनी मला सांगितलेल्या आहेत. सुकलेलं झाड आणि शेजारी भरलेली बादली, हे त्यांना सोसण्यासारखंच नव्हतं. मला ते समजत होतं. तरी मी म्हणाले, "पप्पा, तो मग खाली ठेवा."

हे मात्र मी मोठ्यानं म्हणाले असणार, कारण शेजारच्या घरातल्या काकू खिडकीत आल्या. पप्पांनी मग खाली ठेवला. "डेपो मॅनेजर झालीस की," ते म्हणाले आणि दात घासायला गेले.

पुढच्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. ज्या गावात लोक ढगाकडे डोळे लावून बसतात, तिथे आम्ही तिघं अंगणात उभं राहून पाऊस येऊ नये म्हणून बघत होतो. मम्मीनं मावशीला फोन लावला. मावशी बेदाण्याच्या शेडवरचा मोठा प्लॅस्टिकचा कागद स्कूटीवर पुढे घालून घेऊन आली. चौघांनी मिळून तो बांबूंवर ताणला, तोवर थेंब सुरू झालेच. वाकलेल्या कॉसमॉससकट बाग झाकून झाल्यावर रस्त्यानं जाणारे एक म्हातारे सायकलवरून उतरले.

"पाव्हणं, पावसात झाडं झाकून ठिवलीत व्हय? लाजत्यात का?"

"रुसल्यात," मावशी म्हणाली. "रुसवा काढतोय."

नवरात्र बसलं त्या दिवशी झिनियाला पहिली कळी दिसली. दोन दिवसांनी कॉसमॉस. झेंडूची कळी यायला नवरात्र मध्यावर यावं लागलं, पण आली ती सगळीकडून आली. मटकीएवढी, मग वाटाण्याएवढी, वर हिरवी आणि टोकाला नारिंगी चीर. मी पप्पांना ड्यूटीवर फोन केला. ते गाडी चालवताना फोन घेत नाहीत, म्हणून मेसेज ठेवला: आल्या. त्यांनी विट्याच्या स्टँडातून उत्तर पाठवलं. हात जोडलेली सहा चित्रं. मला की झेंडूला, ते कळलं नाही.

तरीही वेळ कमी होता. खंडेनवमीच्या सकाळी उघडलेली फुलं तोडली तर एक सूपही भरलं नाही. बाकीच्या कळ्या तोंड उघडून नुसत्या बघत होत्या. मम्मी ओट्यावर बसून सुई-दोऱ्यानं ओवत गेली. हार एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत हवा. तो निम्म्या काचेपर्यंत पोचला आणि फुलं संपली.

पप्पा अंघोळ करून, कडक इस्त्रीचा खाकी घालून उभे होते. त्यांनी हार हातात घेऊन लांबी बघितली.

"झ्याक झालाय," ते म्हणाले. "ऱ्हायलेला स्टँडावर घेतो. कोण बघतंय?"

त्यांनी 'कोण बघतंय' म्हणताना खाली बघितलं. मला ठाऊक होतं कोण बघतंय. सगळा डेपो बघणार होता.

मी अंगणाकडे बघितलं. छातीएवढी झाडं, प्रत्येकावर दोन-चार उमललेली आणि पन्नास अर्धी फुलं, खाली तो काळाभोर पाला. कृष्णाकाठचे लोक गाडीला उभा ऊस बांधतात, ते डोळ्यांपुढे आलं.

"तोडायची नाहीत," मी म्हणाले. "उपटायची. अख्खी झाडं बांधायची, उसासारखी."

"सगळी?" मम्मीनं विचारलं. तिला माहीत होतं मी रोज किती वेळ तिथे घालवते.

"सगळी. झिनिया पण. आणि कॉसमॉस."

थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ती दिवाळीनंतर वाळणारच होती. मी पहिलं झाड ओढलं, आणि मुळांबरोबर मातीचा एवढा मोठा गड्डा वर आला की मी मागे पडले. पप्पा मोठ्यानं हसले. त्या सकाळी ते पहिल्यांदाच हसत होते.

मावशीचा टेम्पो मागवला. झाडं उभी करून नेली आणि ती धरायला मी मागे उभी राहिले. खरं तर मला डेपोच्या फाटकातूनच परत यायचं होतं. पण बांधायचं कसं ते मीच सांगणार होते, त्यामुळे चाळीसएक माणसांच्या मधून मला त्या गाडीपर्यंत चालत जावं लागलं. गाडी तासगाव-दहिवडी, पप्पांची नेहमीची.

"आलं, माणदेश आलं!" कुणीतरी ओरडलं. "आवं, हार आणायचा सोडून रानच उपटून आणलं का?"

"माती बी आणलीया बघ. सातबारा कुठाय?"

"खाली वास घे गड्या. लेंडीचं हाय," पप्पा म्हणाले. "तुमच्या युरियाचं न्हाई."

सात-आठ जण पुढे आलेच. चिडवत चिडवत त्यांनी दोऱ्या ओढल्या, गाठी मारल्या. इंजिनापुढच्या जाळीच्या दोन्ही अंगांना झेंडू उभा राहिला, बंपरवर झिनिया, आणि वरच्या पाटीच्या दोन्ही बाजूंनी कॉसमॉस झुलायला लागला. मधोमध मम्मीचा अर्धा हार काचेच्या खाली असा बसला, की तो तेवढाच करायचा होता असं वाटावं. वर्कशॉपमधले मेकॅनिक काका येऊन गाडीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आरसा झाकलाय. त्यो झेंडू हातभर खाली घ्या."

"कुठला?" मी विचारलं.

"त्यो माजलेला."

सगळेच माजलेले होते. मी तीन खाली बांधून घेतले. नारळ फुटला, गुलाल पडला, पेढे वाटले गेले. दरवर्षी कुसळाचं म्हणणाऱ्यांतले एक गृहस्थ आपली सजवलेली गाडी सोडून आमच्या गाडीपुढे उभे राहिले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "पोरी, एक फोटू काढ. तुझ्या बापासंगं माझा काढ." मी काढला. त्या फोटोत पप्पा सावधान उभे आहेत आणि त्यांच्या कानात एक कॉसमॉस शिरलेला आहे.

मग पप्पा म्हणाले, "बस आत. एक फेरी ये."

मी पहिल्या सीटवर बसले. कंडक्टर ताईंनी मला तिकीट फाडून दिलं आणि म्हणाल्या, "बागवाल्यांना सवलत न्हाई." विटा गेलं, मायणी मागे पडली. वाऱ्यानं पाकळ्या काचेवर येऊन चिकटत होत्या. माळ लागला, झाडं विरळ झाली, आणि रस्त्याकडेची माणसं हातातलं काम सोडून गाडीकडे बघायला लागली.

माण तालुक्यात शिरल्यावर एका थांब्याला तीन बायका चढल्या. तिघींच्या डोक्यावर गाठोडी होती. तिसरी पायरीवरच थांबली आणि ड्रायव्हरच्या जाळीतून आत वाकून म्हणाली, "आवं दादा, एक फूल मिळंल का? देवाला व्हईल. आमच्यात औंदा फूल दिसंना."

पप्पांची गाडी कुणासाठी थांबत नाही. सख्ख्या भावाला त्यांनी एकदा धावत गाडी पकडायला लावली होती. कंडक्टर ताईंनी निघायची डबल बेल दिली. पप्पांनी इंजिन बंद केलं, दार उघडलं, खाली उतरले आणि पुढे जाऊन स्वतःच्या हातानं झेंडू तोडायला लागले. मी काचेतून बघत होते. ते हातातल्या हातात फूल फिरवून बघत, पूर्ण उमललेलं असेल तेच घेत. तिघींना ओंजळभर दिली. मग खिडक्यांतून हात बाहेर आले.

"मला पण दे की रं लेकरा."

"ही कुठली फुलं वं?"

"घरची," पप्पा म्हणाले. पुढच्या थांब्यालाही ते उतरले. त्याच्या पुढच्यालाही. तिसऱ्या थांब्याला ताईंनी बेल द्यायचं सोडून दिलं आणि स्वतःच्या वेणीत एक झिनिया खोचली.

दहिवडीला पोचलो तेव्हा गाडीच्या तोंडाला नुसता हिरवा पाला उरला होता. कंट्रोलर साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि पप्पांना विचारलं, "उशीर का झाला?"

"आज वाटंत ओळखीची माणसं लय भेटली," पप्पा म्हणाले आणि सही केली.

मी मागेच उभी होते. त्यातलं एकही माणूस त्यांच्या ओळखीचं नव्हतं.